दहावीनंतर डिझाइन: नाशिकमधील एका विद्यार्थिनीच्या विषयनिवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनी नवीन नाशिकमध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या सिडकोत राहते. राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजी शाळेतून तिने दहावीची परीक्षा ८६ टक्के गुणांनी उत्तीर्ण केली. गणितात तिला ८४, इंग्रजीत ७२ गुण होते आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेत अ श्रेणी मिळाल्यामुळे एकूण गुणांत ७ वाढीव गुणही धरले गेले होते. वडील अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, काम करतात, आई घरी शिवणकाम करते. घरात यापूर्वी कोणी कलाशिक्षण घेतलेले नाही. पण नकाशावरून वस्तू घडवणे आणि कापड अंगावर कसे बसेल याचा आधीच अंदाज बांधणे या दोन गोष्टी त्या घरात रोज घडतात, आणि पुढे त्यांचा उपयोग झाला म्हणून ही नोंद येथे आवश्यक आहे.

मुलीला डिझाइनची पदवी घ्यायची होती. नेमकी कोणती, हे तिला सांगता येत नव्हते आणि सोळाव्या वर्षी ते सांगता यावे अशी अपेक्षाही गैर आहे. कधी ती वास्तुकलेबद्दल बोलत असे, कधी घरगुती वस्तूंच्या रचनेबद्दल. अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचा दुसरा भाग भरायची वेळ आली तेव्हा कुटुंब माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. पुण्यात अभियंता असलेल्या मामांचा आग्रह विज्ञान शाखा आणि सोबत जेईईचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा, कॉलेजशी जोडलेला इंटिग्रेटेड क्लास असा होता. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी कला शाखा सुचवली होती. वडिलांचे म्हणणे एका वाक्यात होते: "मॅडम, कॉलेजवाले जे विषय मागतात तेच तिला द्या, म्हणजे पुढे अडायला नको."

अडचण तिथेच होती, कारण डिझाइनची कॉलेजे बहुतेक करून कोणताच विषय मागत नाहीत.

पात्रतेचा अर्थ

अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे १९६१ साली स्थापन झालेली एनआयडी, आणि तिच्या नंतरच्या भावंड-संस्था बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला बी.डेस.च्या, म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या, प्रवेश परीक्षेला बसू देतात. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षाही विज्ञान, वाणिज्य आणि कला या तिन्ही शाखांना खुली आहे. निफ्टच्या, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, बी.डेस.लाही शाखेची अट नाही. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते ते फॅशन तंत्रज्ञानाच्या वेगळ्या पदवीला. राज्याच्या सीईटीमार्फत होणारे उपयोजित कला आणि रेखा-रंगकला या पदव्यांचे प्रवेश, ज्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुले पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जात आली आहेत, तेही बारावीच्या शाखेवर अवलंबून नाहीत.

"कोणतीही शाखा चालते" हे वाक्य पालक दोन प्रकारे ऐकतात आणि दोन्ही प्रकारे फसतात. काहींना वाटते की मग विज्ञानच घ्यावे, कारण विज्ञानातून सगळीकडे जाता येते. काहींना वाटते की मग सर्वांत सोपे ते घ्यावे. प्रत्यक्षात या वाक्याचा अर्थ इतकाच आहे की निवडीची जबाबदारी कॉलेजने विद्यार्थ्यावर टाकली आहे. प्रवेश विषयांवर होत नाही, तो परीक्षेत काय करून दाखवले यावर होतो, आणि ते करून दाखवण्याची तयारी अकरावी-बारावीच्या दोन वर्षांतच, इतर विषयांच्या जोडीने, व्हायची असते.

म्हणून मी कुटुंबापुढे प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडला. पहिला: या निवडीने कोणती दारे कायमची बंद होतील? दुसरा: या निवडीत आठवड्याला हात आणि डोळा यांच्यासाठी, म्हणजे रेखाटन आणि निरीक्षणासाठी, किती तास उरतील? बाकीचे सगळे, म्हणजे गुण, प्रतिष्ठा, मैत्रिणी कुठे जातात, हे त्यानंतर.

कोणती दारे बंद होतात

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सरळ आहे. वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या बी.आर्क. पदवीला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित असावेच लागते; नाटा ही वास्तुकलेची प्रवेश परीक्षा दिली काय किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर दिला काय, ही अट टळत नाही. नगरनियोजनाच्या पदवीसाठीच्या जेईई मेनच्या पेपरलाही गणित लागते. कला किंवा वाणिज्य शाखेत भौतिकशास्त्र मिळण्याचा मार्ग व्यवहारात नाही, त्यामुळे ज्या मुलीच्या बोलण्यात वास्तुकला पुन्हा पुन्हा येते तिने ती शाखा घेतली तर हा एक रस्ता सोळाव्या वर्षीच संपतो. त्यात गैर काही नाही; मात्र तो संपतो आहे हे माहीत असून संपवावा.

दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेचाही विचार झाला. गणितासह केलेली अशी पदविका बी.आर्क.ला चालते आणि यूसीडलाही चालते; पण एनआयडीच्या बी.डेस.ला खुल्या प्रवर्गात वीस वर्षांच्या आतली वयोमर्यादा असल्यामुळे तीन वर्षे गेल्यावर हातात फार प्रयत्न उरत नाहीत. शिवाय मुलीला बारावीच करायची होती. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला ठेवला. वाणिज्य शाखेचा विषय तर तिने स्वतःच काढू दिला नाही.

सीबीएसईच्या अकरावीचा मुद्दा मामांनी मांडला आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. त्या मंडळात इंजिनिअरिंग ग्राफिक्स, मानसशास्त्र, चित्रकला असे विषय भौतिकशास्त्र-गणिताच्या जोडीला घेण्याची सोय कागदावर आहे आणि चित्रकलेत ७० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. परंतु विषय यादीत असणे आणि शाळेत त्याचा शिक्षक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चौकशी केलेल्या शाळांत विज्ञानाबरोबर शारीरिक शिक्षण किंवा संगणक एवढेच पर्याय निघाले. राज्य मंडळातही हेच. चित्रकला हा बारावीचा मान्यताप्राप्त विषय आहे, कला शाखेचा विद्यार्थी गणित घेऊ शकतो, पण वेळापत्रकात ते बसवणारे कनिष्ठ महाविद्यालय घरापासून जाण्यायेण्याच्या टप्प्यात सापडले पाहिजे. कला शाखेत गणित, भूगोल, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र असा गट मिळाला असता तर वास्तुकलेचा मुद्दा वगळता मी तोच सुचवला असता. विचारलेल्या ठिकाणी गणित घेणारे दोनच विद्यार्थी असल्याने तासिका होणार नाही, पुस्तक आणून घरी अभ्यास करा, असे उत्तर मिळाले.

येथे प्रवेशप्रक्रियेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे दरवर्षी घोळ होतो. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात आपण महाविद्यालय आणि शाखा यांचा पसंतिक्रम देतो, तोही जास्तीत जास्त दहा. विषयांचा गट प्रवेश निश्चित करायला गेल्यावर ठरतो आणि तेव्हा समोरचा कारकून जो गट शिल्लक आहे तो सांगतो. त्यामुळे पसंतिक्रम भरण्याआधीच प्रत्येक महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारायच्या: जीवशास्त्राऐवजी काय मिळते, दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान मिळते का, आणि उपस्थितीचा आग्रह किती आहे. आई आणि मुलगी दोघींनी कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसर दोन दिवस पालथा घातला आणि वहीत उत्तरे लिहून आणली. ती वही नसती तर पुढची चर्चा हवेतच राहिली असती.

हात, डोळा आणि तास

आता दुसरा प्रश्न. पहिल्या भेटीला तिने इंटरमिजिएटसाठी केलेली चित्रे आणली होती. रंग स्वच्छ, छटा नीट भरलेल्या, अक्षरलेखन सुबक. मी तिला पुढच्या वेळी एखादी खरी वस्तू समोर ठेवून काढून आणायला सांगितले. ती आईबरोबर तांबट आळीत गेली आणि तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून तांब्याच्या हंड्याची रेखाटने करून घेऊन आली.

त्यातले सर्वांत मोठे चित्र पाहताच एक गोष्ट लक्षात आली. हंडा डोळ्यांच्या पातळीखाली, जमिनीवर ठेवलेला होता. अशा वेळी तोंडाचे वर्तुळ चपटे, लंबगोल दिसते आणि जसजसे खाली जावे तसतशी त्या लंबगोलाची उंची वाढत जाते, म्हणजे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक गोलाकार दिसते. तिने तोंड बरोबर काढले होते आणि बूड जवळजवळ सरळ रेषेत, कारण हंडा जमिनीवर सपाट टेकतो हे तिला माहीत होते. तिने माहीत असलेले काढले होते, दिसलेले काढले नव्हते. मात्र त्याच कागदाच्या कोपऱ्यात तिने ठोक्यांच्या खुणा वेगळ्या काढल्या होत्या आणि शेजारी लिहिले होते, "पोटाजवळ ठोके मोठे, गळ्याशी बारीक आणि दाट, कारण तिथे पत्रा आत वळवायचा आहे." ही नोंद तिला कोणी सांगितली नव्हती, तिने कारागिराच्या हाताकडे बघून काढलेला तो निष्कर्ष होता.

डिझाइनच्या प्रवेश परीक्षा नेमक्या या दोन गोष्टी तपासतात. यूसीडच्या अ भागात, जो २०० गुणांचा आणि संगणकावर घेतला जाणारा आहे, अवकाशीय कल्पनाशक्ती, व्यवहारातले विज्ञान, निरीक्षण, पर्यावरण आणि समाज, तर्क, भाषा असे घटक असतात. ब भाग १०० गुणांचा, कागदावर, रेखाटनाचा आणि डिझाइनविषयक विचाराचा. निफ्टच्या शेवटच्या टप्प्यातल्या सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष वस्तू बनवावी लागते, एनआयडीच्या मुख्य परीक्षेतही हाताने काम करून दाखवण्याची स्टुडिओ चाचणी असते. ग्रेड परीक्षेची सुबकता येथे उपयोगी पडते, पण पुरत नाही. आणि ठोक्यांच्या खुणांचे कारण शोधणारी नजर कोणत्याही शाखेच्या पाठ्यपुस्तकातून येत नाही. तिला मोकळे तास लागतात.

मामांचा पर्याय या कसोटीवर टिकेना. इंटिग्रेटेड क्लासमध्ये कॉलेज नावापुरते असते, सकाळी बाहेर पडलेले मूल संध्याकाळी परतते आणि रविवारी चाचणी असते. अभियांत्रिकीलाच जायचे असेल त्याच्यासाठी ती रचना समजण्यासारखी आहे. पण "आधी जेईई करू दे, ड्रॉइंग काय सुट्टीतही होईल" हा त्यांचा युक्तिवाद मला मान्य नव्हता आणि मी तसे स्पष्ट सांगितले. वेळापत्रक पाहा: एनआयडीची प्राथमिक परीक्षा आणि यूसीड या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होतात, निफ्टही आसपासच, आणि लगेच बारावीच्या प्रात्यक्षिक व लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बारावीची सुट्टी येईपर्यंत डिझाइनच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षा होऊन गेलेल्या असतात.

भाषेचा प्रश्न

यावर पुरेसे बोलले जात नाही, म्हणून थोडे सविस्तर. यूसीडची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. एनआयडी आणि निफ्टची इंग्रजी आणि हिंदीत. मराठी कोठेच नाही. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलीला गणित आणि विज्ञानाचे इंग्रजी वाचता येते, परंतु एखाद्या परिस्थितीचे वर्णन करणारा लांबलचक उतारा वाचून त्यातून चित्र डोळ्यांसमोर आणणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि निम्मी चूक हाताची नसून वाचण्याची असते. कला शाखेत ती उत्तरे मराठीतून लिहू शकली असती. विज्ञान शाखेत सगळे इंग्रजीतूनच. हा मुद्दा विज्ञानाच्या बाजूने गेला, पण अर्धाच. पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीने वर्णनाचे इंग्रजी येत नाही, ते वाचनानेच येते. तिने १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व घेतले आणि आठवड्याला एक इंग्रजी लेख वाचून त्याचा सार चित्रात काढायचा, असे ठरले.

निर्णय

विज्ञान शाखा, इंटिग्रेटेड क्लासशिवाय. विषय: इंग्रजी, माहिती तंत्रज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राऐवजी भूगोल. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय राज्य मंडळात आहे आणि बारावीच्या त्या अभ्यासक्रमात संकेतस्थळाची रचना शिकवताना सीएसएस येते, म्हणजे अंतर, रंग, मांडणी यांच्याशी काम पडते. मराठी सुटली याचे आईला वाईट वाटले, मलाही वाटले. नव्वदच्या वर गुण असलेला विषय सोडणे टक्केवारीच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. पण एनआयडी, यूसीड आणि निफ्ट यांच्या गुणवत्ता यादीत बारावीची टक्केवारी धरली जात नाही, हे लक्षात घेऊन तिने स्वतः हा निर्णय घेतला. भूगोलात लोकसंख्या, वस्त्या, भूमी उपयोजन असे धडे आहेत आणि नकाशाचे प्रात्यक्षिक आहे. यूसीडमधल्या पर्यावरण आणि समाज या घटकाच्या ते जवळचे आहे.

अकरावीच्या शेवटी फेरविचार करायचा, ही अट लेखी ठेवली. त्या वर्षात वास्तुकलेची ओढ सरली आणि भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र डोईजड झाले, तर बारावीत शाखा बदलता येणे कठीण असते. म्हणून फेरविचार शाखेचा नसून शिकवण्यांचा होता. गणिताची शिकवणी चालू ठेवायची, बाकीच्या सोडायच्या.

दोन वर्षे

दिनक्रम साधा ठरवला होता: रोज एक तास समोरची वस्तू, आणि रविवारी सकाळी जुने नाशिक. सराफ बाजार, भद्रकालीची भाजी मंडई, गोदाघाटावरची माणसे. गर्दीतली माणसे स्थिर राहत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला तिच्या वहीत केवळ पाठी आणि पिशव्या होत्या. सहा महिन्यांनी वजन उचललेल्या माणसाचा खांदा कोणत्या बाजूला झुकतो, हे रेषेत दिसू लागले.

अवकाशीय प्रश्नांची तयारी वडिलांनी करून घेतली, आणि हा या प्रकरणातला सर्वांत अनपेक्षित भाग. टूलरूममध्ये समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्ये काढलेल्या नकाशावरून रोज काम होते. ते रात्री कारखान्यातला एखादा टाकाऊ सुटा भाग घरी आणत, व्हर्निअर या सूक्ष्म मापाच्या साधनाने मोजायला लावत आणि तिन्ही दृश्ये काढून घेत. एकदा तिने यूसीडच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतला दातेरी चाकांचा प्रश्न त्यांना दाखवला. त्यांनी पेन्सिल न उचलताच सांगितले, "तीन चाकं एकमेकांत अडकवून त्रिकोणात ठेवलीस तर एकही फिरणार नाही. शेजारचं चाक उलटं फिरतं, मग तिसऱ्यानं कोणाचं ऐकायचं?" भौतिकशास्त्राच्या दोन वर्षांत तिला इतके नेमके उत्तर कोठे मिळाले नाही. पालक "आम्हाला यातलं काही कळत नाही" असे म्हणतात तेव्हा मी आता हा प्रसंग सांगते.

रसायनशास्त्राने मात्र वेळ खाल्ला. अकरावीच्या दुसऱ्या सत्रात रोजचा तास अर्ध्यावर आला आणि दिवाळीनंतर काही आठवडे वही कोरीच राहिली. ठरल्याप्रमाणे अकरावीच्या निकालानंतर रसायनशास्त्राची शिकवणी बंद केली आणि त्या विषयात उत्तीर्ण होण्यापुरताच अभ्यास करायचे ठरवले. यावर मामांशी झालेली नाराजी बराच काळ टिकली.

निकाल आणि मूल्यमापन

बारावीत ७१ टक्के पडले, रसायनशास्त्रात ५२. एनआयडीची प्राथमिक परीक्षा पार झाली नाही. यूसीडमध्ये अ भागाची किमान गुणांची अट तिने ओलांडली, म्हणून ब भाग तपासला गेला, पण आयआयटीतल्या जागेपर्यंत क्रमांक पोहोचला नाही. यूसीड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा देता येते. वर्ष थांबून पुन्हा द्यावी का, यावर घरात चर्चा झाली. निफ्टमध्ये सिच्युएशन टेस्टपर्यंत मजल गेली, तिथे तार आणि नालीदार पुठ्ठ्याचे काम चांगले झाले आणि राज्याबाहेरच्या एका केंद्रात अ‍ॅक्सेसरी डिझाइनची जागा मिळाली. नाटाच्या गुणांवर वास्तुकलेचा पर्यायही खुला होता आणि घरी राहून शिकण्याच्या दृष्टीने तो स्वस्त पडला असता. शुल्क, वसतिगृह आणि प्रवास यांची बेरीज वडिलांनी दोनदा करून पाहिली, शैक्षणिक कर्जाची चौकशी केली आणि तिने निफ्टची जागा घेतली.

मग भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र वाया गेले का? माझे मत असे की रसायनशास्त्र बहुतांशी गेले. ते या गटांत जोडून येते म्हणून घ्यावे लागले, एवढेच. भौतिकशास्त्राचे तसे म्हणता येणार नाही. ज्या दाराने ती आत गेली नाही ते दार एप्रिल-मे महिन्यांत उघडे होते आणि एनआयडीचा नकार आल्यानंतरच्या आठवड्यांत त्या घरात जी शांतता टिकली ती त्यामुळे. दोन वर्षांची मेहनत त्या शांततेसाठी योग्य होती का, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे येईल. वास्तुकलेचा उल्लेखही न करणारी मुलगी याच गुणांनिशी माझ्यासमोर आली, तर मी तिला भूगोल आणि मानसशास्त्रासह कला शाखाच सुचवेन, गणित शिकवणारे कॉलेज मिळाले तर गणितासह, आणि वाचलेले तास कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या कामासाठी वापरायचे याचा कागद त्याच दिवशी तिच्याकडून लिहून घेईन. मोकळा वेळ मिळाला म्हणजे रेखाटन होतेच असे नाही, हेही मी कला शाखेतल्या मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

निफ्टमधल्या पहिल्या सत्रात तिला भूमिती रेखाटन आणि साहित्य हाताळणी हे विषय सोपे गेले, इंग्रजीतून सादरीकरण करणे जड गेले. माहिती तंत्रज्ञानाचा उपयोग झाला का, असे विचारले तेव्हा तिने अजून तरी नाही असे सांगितले.